माझे पप्पा घरी आले, काका आले नाहीत

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये १२:१-१९, १ योहान ४:७-१२



गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघात एक साधा प्रश्न ठेवला होता. या आठवड्यात देवाच्या प्रेमाची खूण तुम्हाला कुठे दिसली? चहा आणि समोसे समोर होते, त्यामुळे उत्तरं पटापट आली. एकाचा इंटरव्ह्यू क्लिअर झाला. एकाला जालना रोडवर ट्रकने कट मारला, गाडी घसरली, पण खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. एकीच्या घरी पुण्याहून पाहुणे आले आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये किती दिवस जातील हे उन्हाळा, जायकवाडीहून येणारी पाइपलाइन आणि तुम्ही कुठल्या भागात राहता यावर ठरतं. त्यामुळे पाहुण्यांच्या दिवशी पाणी येणं ही आमच्याकडे खरोखरच साक्ष देण्यासारखी गोष्ट आहे. सगळे हसले, आमेन म्हणाले.

सगळ्यात शेवटी एक मुलगी जरा अडखळत म्हणाली, "हे खुणेत बसतं का माहीत नाही. आमच्या लाइनला पाणी आलंच नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या बोअरचा पाइप भिंतीवरून आमच्याकडे टाकला. आम्ही मागितलंही नव्हतं."

यावर कोणी आमेन म्हटलं नाही. कुणीतरी "छान" म्हटलं आणि आम्ही पिकनिकच्या विषयाकडे वळलो.

मी तिथे लीडर म्हणून बसलो होतो आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तो पाइपच होता. कारण पहिल्या तिघांसारखी साक्ष मी स्वतः दिलेली आहे, आमच्या मंडळीसमोर, माइक हातात घेऊन. आणि त्या साक्षीने तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका माणसाला काय झालं, हे मला फार उशिरा कळलं. आज तेच लिहायचं आहे. बरेच दिवस टाळत होतो.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. पप्पांचं ऑक्सिजन संध्याकाळी ९१ होतं, रात्री दहाला ८६. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. फोन, फोन, फोन. मी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि औषधांच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये असलेल्या एका मित्राने रात्री साडेअकराला कळवलं की एका खाजगी दवाखान्यात एक ऑक्सिजन बेड रिकामा झालाय, वीस मिनिटांत पोहोच. आम्ही पोहोचलो. तो बेड रिकामा कसा झाला हे मी विचारलं नाही. तेव्हा बेड कसे रिकामे होत होते हे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्याच रात्री आमच्या मंडळीतले एक काका, जे वर्षानुवर्षं उपासनेला हार्मोनियम वाजवायचे, तेही बेड शोधत होते. म्हणजे मावशी शोधत होत्या. त्यांचा मुलगा बाहेरच्या राज्यात, लॉकडाऊनमध्ये अडकलेला. मावशींकडे ना कॉलेजचा ग्रुप, ना डिस्ट्रिब्युशनमधला मित्र. सकाळी सहाला त्यांना बेड मिळाल्याचा फोन आला तेव्हा काका नव्हते.

पप्पा बारा दिवसांनी घरी आले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. त्याच महिन्यातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. मी उभा राहिलो. स्तोत्र ९१ वाचलं. सगळं सविस्तर सांगितलं, ८६ ची ती रात्र, साडेअकराचा फोन, वीस मिनिटं. मग म्हणालो की शहरात एवढे लोक जात होते, पण देवाने आमच्या घरावर विशेष प्रेम केलं. 'विशेष' हा शब्द मी वापरला होता, तो मला पक्का आठवतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मम्मी रडली.

उपासना संपल्यावर मावशी माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "छान बोललास रे बाळा. एक विचारू का? तुमच्या प्रार्थनेत असं काय होतं, जे माझ्या प्रार्थनेत कमी पडलं?"

टोमणा नव्हता. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो, संडे स्कूलमध्ये त्यांनीच शिकवलं मला. त्यांना टोमणा मारता येत नाही. त्या खरंच विचारत होत्या. शिकणाऱ्या माणसासारखं.

मी काय उत्तर दिलं असेल? जे आपण सगळे देतो तेच. "मावशी, देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत." त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

रात्री झोपताना लक्षात आलं की मी केवढी लबाडी केली होती. पप्पांच्या बाबतीत देवाची योजना मला माइकवर पाच मिनिटं, वेळेसकट, सांगता आली होती. काकांच्या बाबतीत मात्र तीच योजना एकदम अगम्य झाली.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो, आपल्यातले बरेच जण याच धंद्यात आहेत. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे पाहायला आपण हेल्थ चेक लावतो. एकदा आमच्या टीममध्ये कुणीतरी असा हेल्थ चेक लिहिला होता जो काहीही झालं तरी 'ओके' परत पाठवायचा. डेटाबेस बंद, तरी ओके. डिस्क भरली, तरी ओके. डॅशबोर्ड महिनाभर हिरवागार, आणि ग्राहक फोनवर ओरडतोय. आपल्या साक्षी पुष्कळदा अशाच असतात. नोकरी मिळाली, देवाचं प्रेम. नाही मिळाली, देवाने वाईट कंपनीपासून वाचवलं. अपघात टळला, प्रेम. झाला पण हातच मोडला, प्रेम, कारण जीव वाचला. मी देवाची थट्टा करत नाही. आपली करतोय. जी खूण काहीही झालं तरी हिरवीच दिसते ती मला काही सांगत नाही, आणि जी फक्त माझ्याच घरावर हिरवी दिसते ती माझ्या शेजाऱ्याला भलतंच काही सांगते. त्याच्या घरावरचा दिवा लाल आहे, असं सांगते.

खरं तर हे मला दीड वर्ष आधीच दिसायला हवं होतं. ८ मे २०२०, शुक्रवार. पहिलं लॉकडाऊन. त्या सकाळी सात वाजता मी आमच्या फॅमिली ग्रुपवर स्तोत्र ९१ टाकलं होतं, खाली एक ओळ लिहून, की देवाने आपल्याला घरात सुरक्षित ठेवलंय, वर्क फ्रॉम होम दिलंय, धन्यवाद प्रभू. नंतर टीव्ही लावला. आमच्या शहरापासून फार लांब नाही, करमाडजवळ, रेल्वे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून पहाटे मालगाडी गेली होती. मध्य प्रदेशातली माणसं, जालन्याच्या लोखंड कारखान्यात कामाला होती. काम बंद झालं म्हणून भुसावळला गाडी पकडायला रुळांवरून चालत निघाली होती. दमली, आणि सगळ्या गाड्या बंद आहेत असं समजून तिथेच आडवी झाली. रुळांपासून थोडं बाजूला थांबलेले काही जण वाचले. रुळांवर पडलेल्या चपात्यांचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

जालन्याला माझी सासुरवाडी आहे. करमाडवरून मी किती वेळा गेलो असेन, मोजता येणार नाही.

त्या दिवशी ग्रुपवरचा तो मेसेज मी डिलीट केला नाही. त्यात काही चूक आहे असं वाटलंच नाही मला. स्तोत्र ९१ च्या सातव्या वचनात असा आशय आहे की तुझ्या बाजूला हजार पडतील, पण संकट तुझ्याजवळ येणार नाही. आपण हे वचन वाचताना स्वतःला कुठे उभं करतो? नेहमी मधोमध. पडणाऱ्या हजारांत कधीच नाही. ते हजार कोण, त्यांच्या आया कोण, हे स्तोत्र वाचताना मी एकदाही विचारलं नव्हतं.

आणि मग एक गोष्ट वाचनात आली, म्हणजे लहानपणापासून वाचत होतो, दिसली तेव्हा. शुभवर्तमानात स्तोत्र ९१ नाव न घेता कोण वापरतं? मत्तय ४ उघडून पाहा. सैतान. येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन तो याच स्तोत्रातली वचनं ऐकवतो, उडी मार, देवदूत तुला झेलतील. म्हणजे तू लाडका असशील तर वाचशील, आणि वाचलास की सिद्ध होईल की तू लाडका आहेस. येशू उडी मारत नाही. आणि शेवटी वधस्तंभाखाली उभे असलेले लोक पुन्हा तेच म्हणतात, देवाला हा आवडत असेल तर त्याने याला सोडवावं. मत्तय २७:४३. वाचणं हीच प्रेमाची खूण असेल, तर त्या शुक्रवारी यरुशलेमात सर्वांत कमी प्रेम कोणावर होतं, हे उघड आहे. या ठिकाणी माझी साक्ष मोडून पडली. सैतानाचं गणित मी माइकवर आमेनसकट म्हटलं होतं.

लूक १३ मध्ये शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. बुरूज पडून १८ माणसं मेली. येशू विचारतो, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. एवढंच. ती का मेली ते तो सांगत नाही. जे वाचले ते का वाचले तेही सांगत नाही. पण 'नाही' स्पष्ट म्हणतो, आणि मग वाचलेल्यांकडे वळून म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप करा. साक्ष द्या असं म्हणत नाही.

आता आजचं मुख्य वाचन. कृत्यांचा १२ वा अध्याय आपल्याला पेत्राच्या सुटकेसाठी आठवतो. संडे स्कूलमध्ये त्याचं नाटक मी दोनदा केलंय, एकदा पेत्र आणि एकदा साखळी धरणारा शिपाई. दूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र मरीयेच्या दारावर येऊन ठोठावतो, आणि रुदा नावाची ती मुलगी आनंदाने दार उघडायचंच विसरून आत पळते. या जागी पोरं हमखास हसतात.

पण अध्याय पेत्रापासून सुरू होत नाही. दुसरं वचन पाहा. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. एक ओळ. दूत नाही, दरवाजा नाही, काही नाही. मग पुढची पंधरा वचनं पेत्राची सुटका. आणि १९ व्या वचनात, जे आम्ही नाटकात कधीच घेतलं नाही, हेरोद पहारेकऱ्यांची चौकशी करतो आणि त्यांना मारण्याचा हुकूम देतो. मी ज्या शिपायाचं काम केलं होतं, तो मेला.

पेत्रासाठी मंडळी कळकळीने प्रार्थना करत होती असं ५ वं वचन सांगतं. याकोबासाठी केली नसेल? तोही बारांतला, येशूच्या अगदी जवळच्या तिघांतला. कुणाची प्रार्थना कमी पडली? लूक एक शब्दही लिहीत नाही. माझ्यासारखा कुणी लिहायला बसला असता तर त्याने कारण दिलं असतं, पेत्राचं काम बाकी होतं म्हणून, किंवा याकोबाचं पूर्ण झालं होतं म्हणून. लूक ते करत नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

आणि याकोबाची ओळख कशी दिलीय? योहानाचा भाऊ. मरीयेच्या घरातला तो आनंद योहानाच्या कानावर कधी आणि कसा गेला असेल? पेत्र सुटला, प्रभूने दूत पाठवला! पेत्र त्याचा मित्र, दोघांच्या होड्या एकाच तळ्यात चालायच्या. त्याला आनंद झालाच असेल. आणि त्याच वेळी, माझ्या भावासाठी दूत का आला नाही, हेही मनात आलंच असेल. मावशींचा प्रश्न तर योहानाचाच होता.

आता गंमत पाहा, गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असू द्या. आजचं दुसरं वाचन, देव प्रीती आहे असं थेट म्हणणारं ते पत्र, मंडळीच्या परंपरेने याच योहानाच्या नावावर आहे. ज्याचा भाऊ सुटला नाही त्याच्या नावावर. परंपरा खरी मानली, आणि मी मानतो, तर ही ओळ सुटलेल्या पेत्राने लिहिली नाही, याला काहीतरी अर्थ आहे. आणि हा माणूस खूण म्हणून काय दाखवतो? कोण कशातून वाचलं ते नाही. देवाने आपला पुत्र दिला, हे दाखवतो, म्हणजे वाचवला न गेलेला पुत्र. आणि लगेच म्हणतो की देवाला कोणी कधी पाहिलेलं नाही, पण आपण एकमेकांवर प्रीती केली तर तो आपल्यात राहतो. ४:१२. मी हे वचन शंभर वेळा वाचलं असेल आणि दर वेळी त्याला एक गोड उपदेश समजलो. तो उपदेश आहेच, पण त्याच्या आधी ते आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. खूण कुठे शोधायची? देव दिसत नाही, मग कुठे पाहू? इथे पाहा, म्हणतो योहान, दोन माणसांच्या मधल्या जागेत.

म्हणजे मी पप्पांसाठी आभार मानूच नयेत का? हा प्रश्न मला आमच्या सौ.ने विचारला, थोडं रागावूनच. मानायचेच. पौलाचा सोबती एपफ्रदीत मरायला टेकला होता आणि बरा झाला, तेव्हा देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, अशा अर्थाचं पौल फिलिप्पैकरांस लिहितो. दुःखावर दुःख नको म्हणून. तो मोकळेपणाने आभार मानतो. पण आभार आणि दावा यात फरक आहे. पप्पा समोर बसून पेपर वाचताना पाहून माझे डोळे भरतात, ते आभार. पप्पा वाचले यावरून देवाच्या मनातल्या क्रमाबद्दल मी मंडळीला काही सांगू लागतो, तो दावा. आभार मानायला मला मावशींकडे पाठ करावी लागत नाही. दाव्यासाठी करावी लागते.

आपल्या मराठी मंडळीत वाचलेल्या माणसाचं सर्वांत मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. जन्म १८५८. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघं उरले आणि उपाशीतापाशी देशभर पायी फिरले. १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आपण हे कसं सांगतो? देवाने तिला मोठ्या कामासाठी राखून ठेवलं. मीही असंच सांगायचो. आता माझी जीभ अडखळते, कारण मग थोरल्या बहिणीला कशासाठी राखलं नाही?

मला आता रमाबाईंमध्ये दुसरंच काही दिसतं. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्याच मुलींमुळे केडगावचं मुक्ती उभं राहिलं, आणि १९०० च्या दुष्काळात तिथे शेकड्यांनी मुली आणि बायका आल्या. उपाशी राहणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. स्वतःच्या जगण्यातून त्यांनी 'माझ्यावर विशेष प्रेम' असा निष्कर्ष काढला असता, तर केडगावला एक सुंदर साक्ष असती आणि मुली रस्त्यावर असत्या. रमाबाईंच्या वाचण्याचं कारण मला माहीत नाही. पण त्या दुष्काळातल्या एखाद्या मुलीला देवाच्या प्रेमाची खूण विचारली असती, तर तिने बोट कुणाकडे दाखवलं असतं ते मी सांगू शकतो. आणि शेवटचं, जे आपण फारसं सांगत नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आईच्या आधी. रमाबाईंनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. वाचणं ही खूण असती तर ती १९२१ मध्ये पुसली गेली असती.

मावशींकडे मी गेलो ते साक्षीनंतर जवळजवळ आठ महिन्यांनी. आठ महिने लागले, हे लिहितानाही लाज वाटते. रोज या पानांवर वचनांचं मनन लिहीत होतो आणि छावणीतल्या त्या गल्लीत जायला पाय उचलत नव्हता. जून होता, एक पाऊस होऊन गेला होता. मावशींनी चहा टाकला. मी म्हटलं, मावशी, मी त्या दिवशी चुकीचं बोललो, आणि तुम्हाला उत्तर दिलं ते त्याहून चुकीचं दिलं. त्या म्हणाल्या, "बस की आधी."

मग त्यांनी काकांच्या दिवसाबद्दल सांगितलं, जे मी कधी विचारलंच नव्हतं. दफनाला मंडळीतलं कोणी येऊ शकलं नाही, भीतीच तेवढी होती. त्यांच्या गल्लीतली चार मुलं आली, दोन त्यातली मुसलमान, किट घालून. एप्रिलच्या उन्हात कबर खोदली. एकाला किटमध्ये चक्कर आली, बाजूला बसला, पाणी प्यायला आणि पुन्हा फावडं हातात घेतलं. मावशी लांब उभ्या होत्या, जवळ येऊ देत नव्हते.

"देव आलाच नाही, असं मी म्हणत नाही," मावशी म्हणाल्या. "लई उशिरा आला. पण आला. ती पोरं बघितली ना मी." मग थोडं थांबून, "का उशिरा आला, ते मी विचारणार आहे त्याला. तिकडं गेल्यावर."

यावर मी काही बोललो नाही. मार्थाही येशूला तसंच म्हणाली होती, प्रभू तू इथे असतास तर. येशू तिला गप्प करत नाही. मी करणारा कोण?

निघताना त्यांनी विचारलं, "पप्पांचं बीपी आता कसं आहे?" मी सांगितलं. त्या आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या, शाळेची दोनशे पानी, कव्हर निघालेलं. त्यांची प्रार्थनेची वही. रोज ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, तारीख, आणि पुढे काय झालं ते. त्यांना बीपी लिहून ठेवायचं होतं. चष्मा सापडेना म्हणून वही माझ्याकडे दिली, तूच लिही म्हणाल्या. मी पानं उलटत गेलो ते नको तितकं मागे गेलो. एप्रिल २०२१.

एकाखाली एक दोन ओळी होत्या. पहिली काकांच्या नावाची, तिच्यापुढे तारीख आणि मग कोरी जागा. दुसरी माझ्या पप्पांच्या नावाची. तिच्यापुढे रोजचे आकडे होते, ८८, ९०, ८९, ९२, मम्मीला फोन करून विचारलेले. काका गेले त्या दिवशीचाही आकडा होता. दुसऱ्या दिवशीचा होता. सगळ्या बारा दिवसांचे होते, आणि शेवटी निळ्या शाईत, त्यांच्या त्या संडे स्कूलच्या गोल अक्षरात, दोन शब्द. घरी आले.

मी खाली बीपी लिहिलं. १३०, ८४. मावशी म्हणाल्या, "नीट लिही, मला वाचता आलं पाहिजे."